हिरवी सोंगटी

पटो न पटो, घडलं ते असं घडलं. मी तीस वर्षं टास्मानियात काढलीत आणि मर्व पायबस माझा जुना दोस्त. थापा मारायच्याच झाल्या तर तो पकडलेल्या माशांच्या मारतो. असल्या नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षीचा जानेवारी. मंगळवार, दुपारचे चार. वर डोंगरात तळ्याकाठी मर्वची लाकडी खोपी आहे, तिथं. दोन दिवस पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. इकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, तरी शेगडी पेटवावी लागली होती.

आत दोघंच. मर्व आणि त्याची सहा वर्षांची नात, टिली.

मर्वच्या मुलीनं, जनीननं, पोरीला पहिल्यांदाच एकटीला त्याच्यापाशी ठेवलं होतं. तेही हजार सूचना देऊन. कारण त्याआधीच्या हिवाळ्यात, जुलैत, मर्व गॅस चालू ठेवून मासे धरायला निघून गेला होता. तेव्हापासून जनीनचा एकच धोशा. "डॅड, तुझं डोकं आता पहिल्यासारखं नाही. वृद्धाश्रमाचं बघू या."

हे दोन दिवस धड गेले तर नात पुन्हा येणार. नाही गेले तर... संपलं.

दोघं सापशिडी खेळत होते. पट जुना. पस्तीस वर्षांपूर्वी खोपी विकत घेतली, तेव्हा आतल्या भांड्याकुंड्यांसकट आलेला. इकडे खोप्या तशाच विकतात. मर्वची लाल सोंगटी, टिलीची पिवळी.

"पॉप, तू फासा घोळवतच नाहीस! रडीचा डाव!"

"चल गं! सापानं गिळलं की सगळ्यांना रडीचाच वाटतो."

पोरांना मुद्दाम जिंकू देणं मर्वला मान्य नव्हतं. हरायलाही शिकलं पाहिजे, म्हणायचा.

तो चहा करायला उठला. परत आला तर...

पटावर तीन सोंगट्या.

हिरवी, चौदाव्या घरात.

"ही कोणी लावली गं?"

"मी नाही."

"मग काय मांजरानं लावली?"

"आपल्याकडे मांजर कुठंय?"

मर्वनं तिच्याकडे रोखून पाहिलं. पोरगी बेरकी आहे, आईवर गेलीय. त्यानं हिरवी उचलून सोंगट्यांच्या डब्यात टाकली आणि झाकण दाबून लावलं.

थोड्या वेळानं टिली परसातल्या संडासात गेली. तिथून तिचं गाणं ऐकू येत होतं. मर्व शेगडीत लाकूड सारत होता.

टक्... टक्... टक्...

मागून. टेबलावरून.

एकेक घर मोजत कुणीतरी सोंगटी पुढे नेत होतं.

तो गर्रकन वळला. खोलीत कोणी नाही. हिरवी अडतिसाव्या घरात. आणि डब्याचं झाकण... लावलेलं होतं तसंच.

भूतबीत मर्वच्या मनातही आलं नाही. त्याला संशय आला तो स्वतःचाच. मीच काढली असेल? मीच ठेवली आणि विसरलो? त्या गॅससारखी? जनीनला कळलं तर पोरगी पुन्हा दिसायची नाही.

म्हणून त्यानं परीक्षाच घ्यायची ठरवली. हिरवी शर्टाच्या खिशात टाकली, खिशाचं बटण लावलं, वरून चाचपून पाहिलं. आता बघू, लबाड कोण आहे ते.

टिली आली. डाव पुढे सुरू झाला. मर्वला पाच पडले आणि त्याची लाल शंभरावर गेली.

"जिंकलो! आहे की नाही म्हाताऱ्यात दम?"

टिली हसली नाही. ती पटाकडे बघत होती.

"पॉप... तू जिंकायला नको होतंस."

नव्व्याण्णवाव्या घरात हिरवी उभी होती.

मर्वचा हात खिशाकडे गेला. बटण लावलेलं. खिसा रिकामा.

आणि मग टेबलाखालून... मुसमुसणं ऐकू आलं. हरलेलं मूल रडू दाबतं ना, तसं. टिलीचे ओठ घट्ट मिटलेले होते.

मर्वनं वाकून पाहिलं. टिलीचे मोजे घातलेले पाय तेवढे लोंबत होते. बाकी काही नव्हतं.

साडेपाचला जनीनची गाडी आली. एक अक्षर बोलायचं नाही, मर्वनं ठरवून टाकलं होतं.

"लई मजा केली आम्ही," तो दारातच म्हणाला.

जनीनची नजर टेबलावर गेली.

"डॅड, हिरवी कोण खेळलं?"

"कोणी नाही."

"जिंकलं कोण?"

"मी. का गं?"

ती खुर्ची ओढून बसली. "मी सात वर्षांची होते. इथंच. हिरवी अशीच आपोआप चालायची. आईला सांगितलं तर तिनं मुस्काटात दिली, खोटं बोलते म्हणून. मग मलाच वाटायला लागलं, मीच मनानं रचलं. मी त्याला रोज जिंकू द्यायचे, डॅड. माझी सोंगटी मागे सरकवायचे, पण जिंकू द्यायचे. जिंकला की तो जायचा."

"म्हणजे... माझं डोकं..."

"तुझं डोकं ठणठणीत आहे."

हे एक वाक्य ऐकायला मर्व सहा महिने तळमळत होता. ऐकलं, आणि त्याची नजर टेबलाखाली गेली.

जनीननं लाल आणि हिरवी पहिल्या घराशी लावली. "एकदा हरते. मग निघू."

तिनं फासा टाकला. सहा. पुन्हा टाकला. शिडी. तिनं लाल मागे सरकवली. हात काढला तर...

लाल पुन्हा वर.

हिरवी जागची हलली नाही.

"आई," टिली हळूच म्हणाली, "त्याला आता जिंकायचं नाहीये."

"मग काय हवंय त्याला?"

टिलीनं खांदे उडवले. "गाडीत सांगतो म्हणाला."

शेगडीवर पाणी ओतून, पट तसाच टाकून ते निघाले. वाटेत टिली झोपून गेली.

मर्व आता जनीनकडेच मागच्या खोलीत राहतो. वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही. खोपीला कुलूप आहे. टिलीनं हट्ट धरला म्हणून जनीननं नवा पट आणला, पण सोंगट्या दोनच ठेवल्या. बाकीच्या फेकून दिल्या.

आजोबा-नात रोज शाळा सुटल्यावर खेळतात, भर उजेडात. एकदा चहाला गेलो होतो तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलंय. पुन्हा गेलो नाही.

टिली फासा टाकते. मर्व टाकतो. मग पाळी टिलीची. पण ती फासा लगेच उचलत नाही...

थांबते. कुणाला फासा टाकून सोंगटी सरकवायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच वेळ.

मर्व तिला काही विचारत नाही. जनीनलाही सांगत नाही. सांगितलं तर खेळ बंद होईल, आणि रोजची ती दुपार सोडली तर म्हाताऱ्याकडे आता दुसरं काय आहे?

तोही थांबतो.