आठी पाऊण

या, जरा पुढे सरून बसा. बुवा अजून उपरणं सावरताहेत, मृदंगाला कणीक लावायची आहे, तंबोऱ्याची एक तार रुसलीय. तोवर एक गोष्ट सांगते. देवाची नाही हो, माणसांचीच. पण घडली देवाच्या दारात, तेव्हा ऐकायला हरकत नाही.

राणीच्या जुबिलीला चार वर्षं झाली होती. श्रावणी सोमवार. ठाण्यात तळ्याकाठच्या शंकराच्या देवळात कीर्तन रंगलं होतं, आणि बाहेर ओवरीच्या कडेला एक तरुण कीर्तनाकडे पाठ करून, मांडीवर गणिताचं पुस्तक उघडून बसला होता. नाव परशुराम. वय एकोणीस सरून विसावं. बाप विश्राम मूळचा चेंदणी कोळीवाड्यातला, पण रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून कल्याणला राहिलेला. त्यामुळे हा पोरगा होडीत नाही, स्टेशनच्या घड्याळाखाली वाढला. शिकायला मात्र ठाण्यात, काकाकडे.

पागोळीचा एक थेंब पुस्तकावर पडला. दुसरा पडायच्या आत वर एक टोपली आली. बेलाची, ओली, रिकामी.

"काय रं, शंकराला वाचून दाखवतंस काय?"

त्यानं वर पाहिलं. हिरवं लुगडं, वेणीत केवड्याचं पान, आणि डोळ्यांत असं हसू, की त्याचं बोट ओळीवरून घसरलं.

"नाही… म्हणजे परीक्षा आहे," तो म्हणाला.

"चेंदणीचा ना तू? मग असा छापील काय बोलतंस?"

ती मनुबाई. खाडीकाठच्या कोलशेतच्या गोमाजीची लेक, अठरा वर्षांची. दर सोमवारी आपल्या बायजा आत्याबरोबर होडीनं कीर्तनाला यायची. आत्या आत डोळे मिटून बसायची. कान मात्र बाहेर.

"मने, कीर्तन आत चाललंय."

"आत्ये, मना इथून बी ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय, ते मना बी ऐकू येतंय."

दुसऱ्या सोमवारी परशुराम पुन्हा त्याच खांबापाशी होता. पाऊस नव्हता, तरी तिनं टोपली धरली. तिसऱ्या सोमवारी त्यानं मनातलं सांगून टाकलं. वर्गात ते आठजण. हेडमास्तर गोपीनाथपंत मॅट्रिकला पाचच मुलं बसवणार, आणि निवडताना इंग्रजी चौथीपासूनचे गुण काढून बघणार. पाया कच्चा तर कळस कशाला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परशुरामचा कळस बरा होता. पाया…

"किती पडले व्हते चौथीला?"

"गणिताला? शंभरात अकरा."

मनूनं हसू दाबायला पदर तोंडाला लावला. "बेलाच्या एका फांदीला जास्त पानं असतात रं."

"हसू नकोस. यादीत नाव नाही तर मॅट्रिक नाही. मॅट्रिक नाही तर मुंबईचं कॉलेज नाही. मग जन्मभर बापाच्या शेजारी सांधे बदलायचे."

तिचं हसू मावळलं. "आनि मॅट्रिकचं गनित नाय येत?"

"अपूर्णांक सोडले तर सगळं येतं. ते दिसले की मी पान उलटतो. चौथीत कुठे चुकलो, तेच अजून कळलेलं नाही."

शेवटच्या सोमवारी निघताना ती खांबाशी घुटमळली. "पुनव झाली, होड्या दर्यात गेल्या. आता मासली सुकवायची, दर सोमवारी येयाला नाय मिलायचा. भादव्यातल्या अष्टमीला येऊ, एकदाच. बंदरावर ये. आठी पाऊणला."

"येईन."

"बाबा विचारतोय…" ती टोपलीच्या काठाशी बोलत होती. "चेंदणीच्या पोराच्या मनात काय हाय म्हनून. त्या दिशी सांग. पानी कोनासाठी थांबत नाय. मी बी नाय थांबायची."

अष्टमीला परशुराम संध्याकाळी साडेसातलाच बंदरावर हजर. धुतलेला सदरा, खिशात सोनचाफा. पण बंदरावर होडी नव्हती. पाणी बरंच ओसरलं होतं आणि चिखलात होडीच्या तळाची एक लांब रेघ तेवढी उरली होती. कडेला म्हातारा काळुराम जाळं विणत बसला होता.

"कोलशेतची होडी आली नाही का, काका?"

"आली, थांबली, गेली. पोरगी रस्त्याकडं बघून बघून दमली. आठी पाऊणला पानी भरलं, मंग आत्यानं सोडली होडी."

"पण आठी पाऊण आत्ता होतंय. पावणेआठ."

काळुरामच्या हातातली सुई थांबली. "विश्रामचा ना तू? अरं येड्या, आज तिथ कोनती?"

"अष्टमी."

"तिथीची पाऊणकी केली की भरतीची येल निघते. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड… आठी पाऊण सहा. सहाला पानी भरतं. पाऊणकी नाय शिकलास?"

नव्हता शिकला. मराठी शाळेत पाऊणकीचे पाढे चालले होते ते चार महिने तो कल्याणला हिवतापानं अंथरुणावर होता. उठला तेव्हा वर्ग पुढे गेला होता. त्याला पाऊण ठाऊक होतं ते स्टेशनच्या घड्याळातलं. पावणेसातची गाडी, पावणेआठची गाडी. आठाचं पाऊण म्हणजे पावणेआठ, यात विचारायचं काय?

तो चिखलात उभाच राहिला. चौथीचा पेपर डोळ्यांपुढे आला… थ्री क्वार्टर्स ऑफ एट. त्यानं लिहिलं होतं, पावणेआठ.

सकाळी तो गोपीनाथपंतांच्या दारात. पंत पूजा आटोपून गंध उगाळत होते.

"यादी उद्या लावतोय, परशुराम. अकराचं काय करू मी?"

"सर, माझा चौथीचा गणिताचा पेपर एकदा बघाल?"

पंत कागद टाकणारे नव्हते. लाल फडक्यातलं गाठोडं उतरलं, धूळ उडाली, पेपर निघाला. परशुरामनं आपली चूक सांगितली, अष्टमीसकट. फक्त अष्टमीला कोण येणार होतं तेवढं गाळलं. पंतांनी चष्मा चढवला. पहिलं गणित, दुसरं, पाचवं… ओठ हलायला लागले.

"विसाचं पाऊण पावणेवीस धरलंयस."

"हो सर."

"आणि तिथून पुढे एक पायरी चुकली नाहीस." पंतांनी पान उलटलं. "अरे, हे चुकीचं गणित इतकं बरोबर सोडवलेलं मी आजवर पाहिलं नाही."

मग त्यांनी तिथल्या तिथे दहा अपूर्णांक घातले. विसाचं पाऊण? पंधरा. बाराचं? नऊ. दहाही बरोबर. पंतांनी पेपर मिटला.

"अकराचे मी बारा करणार नाही. पडले ते पडले. पण पाया कच्चा नव्हता, एक वीट उलटी बसली होती." त्यांनी यादीचा कागद ओढला. "वर्गात किती रे तुम्ही?"

"आठ."

"आठी पाऊण?"

"सहा, सर."

पंतांनी सहावं नाव लिहिलं.

पुढचं सांगायला वेळ कशाला? पास झाल्याशिवाय कोलशेतला तोंड दाखवायचं नाही असं ठरवून, मुंबईला जाऊन त्यानं मॅट्रिक दिली. निकाल लागला तेव्हा सहांतले चौघे पास, आणि चौघांत हा पहिला. कॉलेजात नाव लागलं. चेंदणीत साखर वाटली गेली, कल्याणला विश्रामनं साहेबापासून हमालापर्यंत सगळ्यांना पेढा दिला. परशुराम मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेच कोलशेतच्या वाटेला लागला.

मनू काठावर मासळी वाळत घालत होती. त्याला पाहिलं आणि पाठ फिरवली.

"आज नवमी," तो तिच्या पाठीला म्हणाला. "नवे पाऊण पावणेसात. पाणी भरायला अजून अर्धा तास आहे. मी सव्वासहालाच आलोय."

पाठ हलली नाही, पण हात थांबले. "अष्टमीला कुठं व्हतास?"

"बंदरावर. पावणेआठला."

ती गर्रकन वळली. त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं… आणि मग अशी हसली, की वाळवणावरचे कावळे उडाले. हसता हसता डोळे पुसले.

"आनि मना वाटलं, शिकलेला हाय, विसरला."

"शिकलेला नव्हतो, म्हणून तर चुकलो. तू बोलावलं नसतंस तर ती चूक मला जन्मात सापडली नसती. बाबांना सांग, माझ्या मनात काय आहे ते."

"काय हाय?"

"तू आहेस."

ती खाली वाकून नीट मांडलेले बोंबील उगाच पुन्हा मांडायला लागली.

"कॉलेज किती वर्सांचं?"

"चार." त्याचा आवाज उतरला. "फार आहेत ना?"

"चोक पाऊण तीन. मी तीनच मोजीन."

"आणि चौथं?"

"ते तू सुट्टीला येशील त्यात गेलं."

झोपडीच्या दारातून बायजा आत्याचा आवाज आला, "पोरा, गनित झालं असंल तर पेज घे."

चार वर्षांनी, म्हणजे मनूच्या हिशेबानं तिसऱ्या, कोलशेतला मांडव पडला. मुहूर्त निघाला नेमका पावणेआठचा. आणि ठाण्याचा पहिला बी.ए. कोळी नवरदेव, मुंडावळ्या बांधून, सहालाच मांडवात येऊन बसला.

चला, बुवा उभे राहिले, तार लागली. एवढंच मागणं आहे: कुठे लहान पोर पाऊणकी घोकताना ऐकलंत, तर बायजाची आठवण काढा. शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईनं होडीत वल्हं मारता मारता भाचीला पाऊणकी शिकवली होती. तिच्या नावानं एकदा टाळी वाजवा, मग विठ्ठलाच्या.