ओकच्या रानात पुढे कोण चालतं

आमचे जावईबापू पुढे चालतात, ही माझी तक्रार आहे.

चर्चमध्ये मेणबत्ती लावायला पुढे. जेवायला बसलं की पावाचा खरपूस कोपरा तोडायला पुढे. बाजारातून येताना माझी असिमिना पिशव्या सांभाळत मागे, आणि हा हात हलवत पुढे, जणू याच्यासाठी गावात बँड लावलाय. नाव मिल्टोस. लारिसाकडचा, सपाट मुलखातला. तिकडे पुढे चाला नाहीतर मागे, दिसतो सगळा कापूसच. त्यामुळे दोष तरी किती द्यायचा?

हे सगळं मी पोटात घातलं होतं. पण परदेशी पाहुण्यांना डोंगर दाखवायचा धंदा त्याने काढला आणि ओकच्या रानातल्या वाटेवरही तो पुढे चालायला लागला. तिथे मात्र मी गप्प बसले नाही.

त्या वाटेवर आमच्या गावचा माणूस परक्याच्या पुढे चालत नाही. शेजारी चालेल, मागे चालेल. मागून सांगेल, डावीकडे घ्या, तो दगड हलतो, जपून. डॉक्टर आला तरी डॉक्टर पुढे. एकदा बिशप आले होते गाढवावर बसून, तेही पुढे. माझा चुलता मागून गाढवाला आणि बिशपना एकाच आवाजात डावं-उजवं सांगत होता. बिशप रागावले नाहीत. आमच्या डोंगरातले होते, त्यांना ठाऊक होतं.

कारण काय ते इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. खाली थर्मोपिलीची खिंड. तिथे मूठभर लोकांनी पर्शियाच्या राजाचं सैन्य अडवून धरलं होतं, आणि इथल्याच एका माणसाने त्या सैन्याला डोंगरावरून मागची वाट दाखवली. पुढे चालून. एफिआल्तिस त्याचं नाव, आणि वाईट स्वप्नाला आम्ही अजून त्याच्याच नावाने ओळखतो. वर राखण करणाऱ्यांना तेव्हा शत्रू दिसला नव्हता, ऐकू आला होता. वारा पडलेला असताना वाळलेली पानं वाजायला लागली. त्यानंतर आणखी कोणकोणती सैन्यं त्या वाटेने गेली ते शिकलेल्यांना विचारा. मला एवढंच माहीत आहे की प्रत्येक वेळी त्यांना पुढे चालणारा कुणीतरी मिळाला.

मी चार वर्ग शिकलेली बाई आहे. भुतंखेतं मानत नाही. छपरावर खुडबुड झाली तर मला रानमांजर आठवतं, सैतान नाही. तेव्हा पुढचं वाचताना म्हातारीला भास झाला असं कुणी म्हणू नये. मी म्हातारी नाही आणि माझे डोळे दोरा ओवण्याइतके चांगले आहेत.

जर्मन आले तेव्हा मी लहान होते, पण कळण्याइतकी मोठी. ती वाट जिथे डोंगर ओलांडते त्या वरच्या खिंडीत आमची आंदार्ते पोरं होती. गनिमी काव्याने लढायची, रात्री येऊन पाव न्यायची. जर्मनांनी सकाळीच चौकात सगळ्या पुरुषांना उभं केलं आणि माझ्या बाबांना बाहेर ओढलं. शेळ्यांमागे फिरून त्यांना ती वाट पाठ होती.

बाबा म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. मी मागून सांगतो."

अधिकाऱ्याला वाटलं, हा पळायला बघतोय. त्याने बंदुकीचा दस्ता पाठीत घालून बाबांना पुढे ढकललं. मी दारातून पाहत होते. बाबांच्या सदऱ्याचं उजवं कोपर फाटलं होतं आणि घरात दुसरा दोरा नव्हता म्हणून आईने आदल्या रात्री ते लाल लोकरीने शिवलं होतं. वळणापर्यंत तेवढंच दिसत राहिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईही बोलली नाही. लाल कोपर घालून नवऱ्याला जगापुढे पाठवलं, याची तिला लाज वाटायची.

संध्याकाळी जर्मन उतरले. बाबा नव्हते. गोळीचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यांचा दुभाष्या आमच्या दारात येऊन उलट आम्हालाच विचारत होता, "कुठे आहे तो? आमच्या पुढे होता. मग नव्हता." घर उलथंपालथं केलं, भट्टी फोडली आणि गेले. वरच्या पोरांचा तळ त्यांना रिकामा सापडला होता, चूल अजून तापलेली. पोरं नंतर म्हणाली, खाली पानं वाजली, हजारो माणसं चढत असल्यासारखी, म्हणून आम्ही पलीकडे पळालो. जर्मन तर एका ट्रकातून आले होते.

बाबा फितूर झाले की त्यांनी पोरांना वाचवलं, यावर गाव भांडत राहिलं. चौकातल्या दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरायची वेळ आली तेव्हाही भांडण मिटलं नव्हतं, म्हणून त्यांचं नाव कोरायचं राहिलं ते राहिलंच. आई मरेपर्यंत त्या वाटेकडे तोंड करून लोकर विंचरत बसायची. माझ्या मुलीला मला तसं बसलेलं पाहायचं नव्हतं. एवढंच माझं म्हणणं होतं, आणि तेवढंच मी जावयाला सांगितलं.

"मिल्टो, त्या वाटेवर मागून चाल."

"आई, वाटाड्या मागून कसा चालेल? पाहुणे हसतील."

"हसू देत. हसण्याने माणूस नाहीसा होत नाही."

"तुमच्या वडिलांना जर्मनांनी मारलं, आई. दरीत कुठेतरी..." तो हे हळू आवाजात म्हणाला. त्याचा मला जास्त राग आला.

असिमिनाला तेव्हा सातवा लागला होता. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, जाऊ दे ना गं."

"जाऊ देते. पण मीही येते."

"तुम्ही? चढ आहे, आई."

"त्या चढावर मी लाकडं वाहिली आहेत, जावईबापू. तू तेव्हा लारिसात कापसात लोळत होतास."

पानगळीचे दिवस होते. सकाळी निघालो. पाहुण्यांत दोन जोडपी आणि एक पांढऱ्या मिशांचा, सैन्यातून निवृत्त झालेला इंग्रज. त्याने त्या लढाईवर जगातलं सगळं वाचलं होतं आणि काठीने हवेत नकाशे काढत होता. मिल्टोस सगळ्यांच्या पुढे, बोलत. मी सगळ्यांच्या मागे.

रानात पानं घोट्यापर्यंत आली. ओकचं पान वाळलं की चामड्यासारखं होतं, पायाखाली मोडतं तेव्हा करकरतं. इतकी माणसं चालली की तो आवाज कानात भरून राहतो, आणि मग ऐकूच येत नाही. म्हणून मला आधी काही कळलं नाही.

झऱ्यापाशी पाहुणे पाणी प्यायला थांबले. मीही थांबले.

आवाज थांबला नाही.

मला वाटलं, मिल्टोस चालतोय. तो चालत होताच, मागे न बघता, हात उंचावून काहीतरी सांगत. पण एका माणसाच्या पायांना एका माणसाचाच आवाज असतो. मी बोट ओलं करून वर धरलं. वारा नव्हता. पलीकडच्या टेकडीवरच्या कोळसा भट्टीचा धूर दोरीसारखा सरळ वर जात होता. डोक्यावर फांदीला जी पानं टिकली होती त्यांतलं एकही हलत नव्हतं. वाजत होती ती खालची.

इंग्रजाने कानामागे हात धरला. "वारा?" त्याने मोडक्या ग्रीकमध्ये विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

आमच्यात आणि मिल्टोसमध्ये वाटेचा मोठा रिकामा तुकडा पडला होता. त्या तुकड्यावरची पानं दबत होती. उडत नव्हती, सरकत नव्हती. दबत होती, आणि पुन्हा वर येत नव्हती. वाटेवरच नाही, वाटेच्या दोन्ही अंगांना, झाडांमधून, जिथे नजर जाईल तिथे. सगळी एकाच दिशेला. मिल्टोसच्या मागे.

आणि तो वळून कशाला बघेल? मागे माणसं चालतायत हे त्याला ऐकू येत होतं.

मी हाक मारली. माझी हाक दरी ओलांडून शेळ्या वळवते. त्या दिवशी ती पानांनी गिळली. वाट जिथे दोन अंगांना फुटते त्या फाट्याकडे मिल्टोस चढत होता. जर्मनांच्या डोळ्यांदेखत बाबा नाहीसे झाले ते त्याच अंगाला, असं तो दुभाष्या म्हणाला होता.

पाहुण्यांना मी म्हटलं, "इथून हलायचं नाही." आणि आत शिरले.

आत शिरले असंच म्हणावं लागेल. ईस्टरच्या रात्री चर्चच्या दारात जशी गर्दी असते तशी ती होती, फक्त दिसत नव्हती. थंडी वाजली नाही. उलट ऊब होती, मेंढ्यांच्या वाड्यात शिरल्यासारखी. घामाचा, ओल्या चामड्याचा, कांद्याचा वास. गालाला लोकर घासली. कानाशी कुणीतरी दमल्यासारखा श्वास सोडला.

मी कोपरं काढली.

चर्चमध्ये मी अशीच पुढे जाते, आणि कुणाची बिशाद नाही मला अडवायची. इथेही कुणी अडवलं नाही. एकाने तर अंग चोरून वाट दिली. कोण होता, कुठल्या काळातला, देव जाणे. आईने चांगलं वळण लावलं असेल त्याला.

फाट्यावर मिल्टोस उभा होता.

थांबला होता. तोंड मिटलेलं. लग्नापासून मी ते मिटलेलं पाहिलं नव्हतं.

मी मागून त्याचा कमरेचा पट्टा घट्ट धरला.

पानं थांबली नाहीत. आमच्या दोन्ही बाजूंनी ती दबत पुढे गेली, डाव्या फाट्याला. तिकडे खिंड नाही. तिकडे कडा आहे, जिथे शेळ्याही जात नाहीत.

बराच वेळ ते जात होते.

मग एकदम सगळं शांत झालं आणि कुठेतरी एक पक्षी बोलला.

उतरताना मिल्टोस आपणहून माझ्या मागे आला. झऱ्यापाशी जोडपी एकमेकांना सांगत होती की डोंगरात वारा कसा अचानक सुटतो. इंग्रज मात्र खाली बसला होता, दबलेल्या पानांवर तळवा टेकून. माझ्याकडे बघून म्हणाला, "गरम आहेत."

"ऊन," मी म्हणाले.

ऊन अजून रानात उतरलं नव्हतं.

घरी असिमिनाने घेवड्याचं कालवण वाढलं, ऑलिव्ह ठेवले, पाव ठेवला. मिल्टोसने पावाला हात लावला नाही. कोपरा तसाच. असिमिना माझ्याकडे बघून भुवया उडवत होती, काय झालं म्हणून.

"आई," तो शेवटी म्हणाला, "त्या माणसाला मी गावात कधी पाहिलं नाही."

"कुठल्या माणसाला?"

"माझ्या पुढे होता तो. झऱ्यापासून होता. मला वाटलं, लाकूडतोड्या असेल. मी पाय उचलले, म्हटलं याला मागे टाकू. जमेना."

असिमिना हसली. "तुला कुणी मागे टाकलं? त्याचा पत्ता दे, मिठाई पाठवते."

तो हसला नाही. "फाट्यावर त्याने हात असा केला." मिल्टोसने उजवा हात पाठीमागे नेला, तळवा जमिनीकडे, आणि दोनदा हळूच खाली दाबला. "मागे वळलासुद्धा नाही. आणि माझे पायच थांबले. तो डावीकडे गेला."

बाबा कुत्र्याला असंच बसवायचे. शेळ्या पुढे नेताना, मागे न बघता.

आणखी वाढायला उचललेला डाव माझ्या हातात तसाच राहिला. "अंगात काय होतं त्याच्या?"

"साधा सदरा. जुनाट." तो आठवत होता. "कोपर तेवढं लाल लोकरीने शिवलेलं. इतकं लाल, आई. काल रात्रीच कुणीतरी शिवून दिल्यासारखं."

असिमिना म्हणाली, "अगं, कालवण सांडतंय."

मी डाव ठेवला. पावाचा कोपरा तोडला आणि मिल्टोसच्या ताटात टाकला.

"वर्षभर मी तुझ्या नावाने उगाच तोंड वाजवलं," मी म्हणाले. "त्या वाटेवर तू पुढे कधी नव्हतासच, मिल्टो. ती जागा माझ्या बाबांनी धरून ठेवली आहे, आणि अजून त्यांनी ती सोडलेली नाही. तू मागेच चाल. आणि जेव आता, निवतंय."