कोरं उपरणं

पैठणच्या जनावरांच्या बाजाराला दरवाजा असा कधी नव्हताच. पण त्या गुरुवारी दोन बैलगाड्या उभ्या करून, मध्ये आंब्याच्या पानांचं तोरण बांधून दरवाजा केला होता, आणि त्यात कौतिकाबाई घोडके सकाळी आठपासून उभ्या होत्या. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण हौस दांडगी! सोमालियातून, मंगोलियातून, आखातातून आलेल्या छत्तीस व्यापाऱ्यांच्या खांद्यावर त्या एकेक कोरं उपरणं घालत होत्या. प्रत्येकाला सांगत होत्या, "सातवाहनांची राजधानी आहे बरं का ही! दोन हजार वर्षांपूर्वी तुमच्याकडची माणसं इथं सौद्याला यायची. परकं समजू नका." पाहुण्यांच्या कानातलं दुभाषी यंत्र ते ज्याच्या-त्याच्या भाषेत सांगत होतं.

उपरणी त्यांच्या हाती देत होता रंगनाथ तुपे, बाजार समितीचा सभापती. कौतिकाबाईंचा मानलेला भाऊ. तीस वर्षं दोघांनी याच बाजारात दलाली केली होती, दर भाऊबीजेला त्यानं ओवाळून घेतलं होतं.

"अक्का, तुझा तो जुना रुमाल चार दिवस कमरेलाच राहू दे," तो आधीच म्हणाला होता. "पाहुण्यांपुढं जुनेर काय काढायचं?"

खरंच होतं की ते. पाहुण्याला कोणी जुनेर देतं का? उपरणं हाताला जरा गार लागलं, पण थंडीचे दिवस होते. कौतिकाबाईंनी फार विचार केला नाही.

ही परिषद भरली होती ती एका जुन्या खोडीपायी. एव्हाना जगातल्या बहुतेक बाजारांत 'दरदर्शी' बसलं होतं. खांबावर पाटी, पाटीवर भाव. मागचे सगळे सौदे चाळून हे यंत्र पुढचा भाव सांगायचं, आणि माणसं मान डोलावून तोच द्यायची-घ्यायची. त्याला दिसत नव्हता फक्त कापडाखालचा हात, म्हणून पैठणची पाटी कोरीच असायची. दोघांनी कापडाखाली हात धरायचे. एक बोट दाबलं की एक, पंजा धरला की पाच. तोंडातून शब्द नाही, शेजारच्याला पत्ता नाही. पैठणला रुमाल, सोमालियात शाल, मंगोलियात लांब बाही. असे हाताचे बाजार आता मोजकेच उरले होते, आणि ते टिकवायचे कसे हे ठरवायला ही मंडळी जमली होती.

शिकलेले लोक म्हणायचे, ही निव्वळ लपवाछपवी. कौतिकाबाई उसळायच्या. "अहो, रुमाल भाव झाकायला नसतोच! माणसाची गरज झाकायला असतो. अडलेल्या माणसाची अडचण चार लोकांत कशाला उघडी करायची?"

सोमालियाची उंटांची व्यापारी होदान हे ऐकून पोट धरून हसली होती. "माझी आई हेच म्हणायची," ती म्हणाली. मग दोन दिवस दोघींनी उपरण्याखाली हात धरून नुसते खोटे सौदे केले, आपापल्या अडीअडचणीतले जुने सौदेही पुन्हा करून पाहिले. बाकीच्यांनीही तेच केलं. मंगोल आखाताशी, आखात पैठणशी, शेकडो सौदे झाले. यजमानांनी दिलेलं वस्त्र बाजूला ठेवून स्वतःचं काढणं बरं दिसत नाही, म्हणून सगळ्यांनी ती कोरी उपरणीच वापरली.

शनिवारी सकाळी पाहुण्यांपुढं खरा सौदा करायचा ठरलं. बन्सी खरात आपली गाय घेऊन आला. बायकोचं ऑपरेशन सोमवारी होतं, हे बाजारात फक्त कौतिकाबाईंना ठाऊक होतं. गिऱ्हाईकाच्या वतीनं त्यांनी बन्सीचा हात उपरण्याखाली धरला. त्याचा तळवा घामेजला होता. त्यानं चार बोटं दाबली, मग पंजा आणि दोन बोटं. सत्तेचाळीस हजार. पाडून मागायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

हात अजून कापडाखालीच होते आणि खांबावरची पाटी उजळली.

'सत्तेचाळीस हजार. विकणारा अडलेला आहे. एकेचाळीसलाही देईल.'

गिऱ्हाईक पाटीकडे बघून घसा खाकरत म्हणालं, "मग एकेचाळीसच घ्या की."

बन्सीनं हात हिसकून घेतला. "अक्का, तुम्ही सांगितलंत?"

कौतिकाबाईंनी उपरणं चोळून पाहिलं. गार. गेल्या साली दवाखान्यात त्यांच्या अंगाखाली अशीच गार चादर होती. नर्स कौतुकानं म्हणाली होती, "हे स्पंदवस्त्र, मावशी. नाडी, घाम, नुसता बोटाचा दाबसुद्धा टिपतं." म्हणजे गेले दोन दिवस छत्तीस जणांची बोटं यंत्राला शिकवत होती. भाव कसा सांगतात तेही, आणि अडलेला हात कसा थरथरतो तेही.

रंगनाथ मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. त्या तरातरा त्याच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"तुला माहीत होतं?"

"अक्का, बाजार बंद पडणार होता. दरदर्शीवाल्यांनी पन्नास वर्षं चालवायचं लिहून दिलंय. मी बाजार वाचवला!"

"मग तूच घालायची होतीस उपरणी. मला का उभं केलंस?"

त्यानं नजर चुकवली. "माझ्या हातून त्यांनी घेतली नसती."

कौतिकाबाईंना भडभडून आलं. परक्यानं गळा कापला असता तर एवढं लागलं नसतं. "भाऊबीजेला ओवाळत होते रे तुला," त्या म्हणाल्या. "मेल्या, बाजार राहिला, पण त्यात आता अडलेला माणूस येईल का?"



मागं खळखळ आवाज झाला. पाहुणे कानातली दुभाषी यंत्रं काढून स्वागताच्या ताटात टाकत होते. यजमानांची कुठलीच वस्तू त्यांना आता अंगावर नको होती. उपरण्यांचा ढीग तोरणाखाली पडला. होदाननं मात्र आपलं उपरणं नीट घडी करून कौतिकाबाईंच्या हातात दिलं. बाकीच्यांच्या फेकण्यापेक्षा ही घडी त्यांना जास्त लागली.

"मला ठाऊक नव्हतं गं," कौतिकाबाई कळवळून म्हणाल्या. होदाननं रिकाम्या कानाला बोट लावून मान हलवली. तिला शब्द कळत नव्हते.

मग तिची नजर कौतिकाबाईंच्या कमरेकडे गेली. त्यांच्या वडिलांचा तो जुना, विटका, सुती रुमाल. तिनं हात पुढं केला आणि थांबली.

कौतिकाबाईंनी रुमाल काढला, दोघींच्या हातांवर पसरला. आतून होदाननं त्यांचं मनगट धरलं आणि नाडीवर बोट ठेवलं. कौतिकाबाईंचं काळीज धडधडत होतं. पण गुन्हेगाराचंही असंच धडधडतं. तीस वर्षांत त्या हातांनी लाखो आकडे सांगितले होते, आकड्यांखेरीज काही सांगायची वेळच आली नव्हती.

मला ठाऊक नव्हतं, हे आता कुठल्या बोटानं सांगायचं?