एक पाऊल पुढे

नका ठेवू विश्वास. पण हे घडलंय, माझ्या डोळ्यांदेखत. त्या कवायतीच्या हॉलची झाडलोट मीच करत होते.

१९१५ चा नोव्हेंबर. रविवारची संध्याकाळ. इंग्लंडात लँकेशायरमधलं आमचं गिरणीगाव धुक्यात बुडालं होतं.

माझा धाकटा भाऊ सेथ टेरिटोरियल फौजेत होता. म्हणजे आठवडाभर गिरणी, शनिवारी कवायत, उन्हाळ्यात समुद्रकाठी छावणी. या शिपायांना मर्जीविरुद्ध देशाबाहेर नेता येत नसे. म्हणून आदल्या वर्षी युद्ध सुरू होताच कर्नलने याच हॉलमध्ये विचारलं, "परदेशी जायला तयार असेल त्याने एक पाऊल पुढे!"

सगळी रांग पुढे सरकली.

सेथ सोडून. त्याची बायको हेटी पोटुशी होती.

"बायकोच्या पदराआड लपलास रे!" दोस्तांनी टोमणा मारला. पुढच्या उन्हाळ्यात ते तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उतरले आणि तिथल्याच वाळूत, भाजत्या उन्हात, पाण्यावाचून लढत संपले. सेथ इथे रेल्वेच्या पुलावर पहारा देत राहिला.

त्या संध्याकाळी तो मला न्यायला आला.

"ताई, आटप ना. रस्सा निवला तर हेटी माझं डोकं खाईल."

"लाटसाहेब, आधी ती बादली उचला."

तो हसला. आणि...

धप्प.

खूप बुटांचं एकच पाऊल. रिकाम्या हॉलमध्ये.

मी कंदील वर केला. कुणीच नव्हतं. पण नुकत्याच पुसलेल्या जमिनीवर वाळूचे ठसे होते... एका ओळीत. मध्ये एका माणसापुरती जागा मोकळी.

"ताई, ते माझ्यासाठी थांबलेत," सेथ पुटपुटला.

"गप्प बस! घरी लेकरू आहे तुझं."

मी त्याची बाही दोन्ही हातांनी धरली.

तो जागचा हलला नाही. शपथेवर सांगते.

तरीही त्या मोकळ्या जागेत पाऊल वाजलं...

एकाच माणसाचं.

आम्ही घरी आलो. सेथने रस्सा चाखलाही नाही. नुसता घटाघटा पाणी पीत राहिला. मग पहाऱ्यावर गेला.

सकाळी तो पुलावर मेलेला सापडला. त्या गारठ्यात त्याचा चेहरा उन्हाने भाजला होता. ओठ तहानेने फुटले होते.

हेटी अजून विचारते, "ताई, तुम्ही त्यांना घट्ट धरलं होतं ना?"

"धरलं होतं गं."

खरंच धरलं होतं.

मग त्या संध्याकाळी मी घरी कुणाला घेऊन आले?