धाकटीचा खण

आमच्या वाचनालय-कलासंग्रहालयात दर महिन्याला मी लोकांसाठी एक कार्यक्रम घेते. कागदावरची चित्रं जपायची कशी, एवढाच विषय. दर वेळी कुणीतरी विचारतंच, की चांगली चांगली चित्रं तुम्ही आत दडवून का ठेवता? मी सांगते, उजेड रंग खातो. एक प्रदर्शन झालं की चित्राला काही वर्षं अंधाऱ्या खणात विश्रांती द्यायची. मग निळी पट्टी दाखवते. बोटभर लोकरीची पट्टी, चित्राशेजारी ठेवायची. उजेड लागला की आधी तिचा रंग उडतो आणि आपण सावध होतो. लोक माना डोलावतात आणि चहाकडे वळतात.

विश्रांतीचा हा नियम इथे मीच घातला. त्यात मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणून धाकटीचं चित्रही प्रदर्शन संपल्यावर मी स्वतःच्या हाताने खणात ठेवलं.

धाकटी म्हणजे माझी बहीण. चित्रकार होती. गेल्या वर्षी गेली. जायच्या आधी हॉस्पिटलच्या खाटेवर बसून, आरशात बघत तिने स्वतःचा चेहरा जलरंगात रंगवला. डोक्याला लाल रुमाल, गालाची हाडं वर आलेली, आणि ओठांच्या कोपऱ्यात माझी टर उडवताना यायचं तसलं हसू. तिचे फोटो घरात ढीगभर आहेत, पण ते दुसऱ्यांनी काढलेले. हे तिने स्वतःला पाहिलेलं होतं. प्रदर्शनात आई रोज येऊन त्या चित्रासमोरच्या बाकावर बसायची. चित्र उतरवलं तेव्हा एवढंच म्हणाली, "परत लावाल तोवर मी असेन का गं?"

पुढच्या तपासणीला खण उघडला, तर निळी पट्टी पांढरीफटक पडलेली.

मी भडकले. कुणीतरी खण उघडा टाकून गेलं असणार म्हणून दोघातिघांना फैलावर घेतलं. नवी पट्टी ठेवली आणि किल्ली माझ्याकडेच ठेवली. थोड्याच दिवसांत तीही विटली. चित्रातला लाल रुमाल तोवर गुलाबी झाला होता.

आमच्या वायरमनने उजेड मोजायचं छोटं मीटर खणात ठेवून दिलं. आठ दिवसांनी ते कॉम्प्युटरला जोडलं आणि त्याला हसूच आलं. म्हणाला, ताई, तुमचा फ्रिज उलटा झालाय, दार लावलं की आत दिवा लागतो. मग पुढचे आकडे त्याने दोनदा तपासले. संध्याकाळी मी चित्रांच्या भांडाराचे दिवे मालवून कुलूप लावलं, की खणात उजेड व्हायचा. थोड्या वेळाने मंद होत होत विझायचा. रोज. आम्ही खण आतून-बाहेरून चाचपला. लोखंडी खण, ना फट, ना वायर. शेजारच्या खणांतही मीटर ठेवून पाहिलं, तिथे शून्य. त्याने हत्यारं गोळा केली आणि पुन्हा काही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

मला मात्र कळलं. कळलं तशी तिथल्याच स्टुलावर बसून मी ढसाढसा रडले. धाकटीला अंधारात झोप लागायची नाही. लहानपणी नाही, मोठेपणी नाही, हॉस्पिटलात तर नाहीच. तिचा डोळा लागेपर्यंत दिवा ठेवायचा आणि मग कुणीतरी उठून मालवायचा. इथे दिवा लावायला कुणी नव्हतं. मग ती जवळचे होते नव्हते ते रंग जाळत होती.

संचालक मॅडमकडे गेले. म्हटलं, चित्र भिंतीवर लावा, नाहीतर भांडारात एक दिवा चालू राहू द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दिवा ठेवला तर तिथल्या बाकीच्या शेकडो चित्रांचं काय होईल, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

"नियम तुमचाच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "घरचं माणूस गेलं की असं होतं. थोडी रजा घ्या."

त्यांच्या जागी मीही हेच बोलले असते. घरी न्यावं तर चित्र आम्हीच संग्रहाला देऊन टाकलेलं, आणि संग्रहातली वस्तू दाराबाहेर जात नाही. आणि त्या अवस्थेत ते आईला दाखवणार तरी कुठल्या तोंडाने?

रुमाल गेला. केस नव्हतेच. मग एक गाल गेला. हसू तेवढं उरलं, तेही इतकं पुसट की ज्याला ठाऊक आहे त्यालाच दिसावं.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी दिवे मालवले. खणासमोर जमिनीवर बसले आणि उजवा हात आत घालून खण मनगटापर्यंत लोटला. लहानपणी वीज गेली की ती माझी बोटं धरून झोपायची. मला दुसरं काही सुचलं नाही.

"मी आहे गं," म्हटलं. "झोप."

काही झालं नाही. लोखंड गार होतं.

मग बोटांना ऊब लागली.

फटीतून उजेडाची बारीक रेघ माझ्या मनगटावर पडली.

मी हात हलवला नाही. रेघ हळूहळू मंद झाली. विझली.

सकाळी पाहिलं, तर मीटरने रोजच्यासारखाच उजेड दाखवला होता. पण नुकतीच ठेवलेली नवी पट्टी निळीच्या निळी. ओठांचा कोपरा होता तसाच. मी वेड्यासारखी हसले आणि आईला फोन करून सांगितलं, की ती बरी आहे. आईने कोण म्हणून विचारलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी खणात हात घालून तिथे बसते. चित्राचा रंग तिळभर उडालेला नाही. मॅडमना मीच गळ घातली आणि पुढच्या प्रदर्शनात ते लावायचं त्यांनी कबूल केलंय. आई आहे तोवर तिला ते उरलेलं हसू तरी एकदा बघू दे, एवढंच माझं मागणं आहे.

परवा कर्मचाऱ्यांच्या दारापाशी हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं. मशीनने नाकारलं. पुसून ठेवलं, दुसरं ठेवलं, उजव्या हाताची पाचही ठेवून झाली. रखवालदार म्हणाला, मशीन बिघडलं असेल ताई, आजकाल कशाचा भरवसा नाही. मी हात दारातल्या उन्हात धरला. बोटांच्या टोकांवर एकही रेषा नव्हती. तळहातावरच्याही जेमतेम दिसत होत्या.

आता मी डाव्या हाताने हजेरी लावते. प्रदर्शनाला अजून बराच अवकाश आहे. तोवर उजवा हात पुरवून वापरायला हवा.