वारा पडेपर्यंत

एसटीला हात दाखवावा तसा तो ड्रोनला हात दाखवत उभा होता! तनुजानं झटकन फवारा बंद केला, ड्रोन हवेतच थांबवला आणि ओरडली, "अहो, बाजूला व्हा! पाती लागली तर बोटं राहायची नाहीत!"

"मी व्हतो की बाजूला... पण ह्यांचं काय?"

त्याच्या मागं बियाण्याचा कांदा पांढऱ्या गोंड्यांनी डवरला होता आणि त्यात मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या होत्या.

तनुजा चक्रावली. परवाना काढून शहरातून खुलताबादकडे फवारणीला येणारी मुलगी ती, ड्रोन परक्या शेतात शिरलाच कसा? फवारणीआधी कडेनं चालत शेताचे कोपरे यंत्रात नोंदवायचे, मग ड्रोन त्याच हद्दीत फिरतो. सकाळी शेतमालक काकासाहेब पुढं चालले होते आणि ती मागं. आणि काकासाहेब चांगले बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानातून चालले होते! दरसाल नांगरानं बांध कोरायचे, यंदा ड्रोननं कोरला.

"बांध आमचाच हाय," काकासाहेब मिशीवर ताव देत म्हणाले. "आज्यापासून!"

तनुजानं वाद घातला नाही. ड्रोन उतरवला आणि हद्द बांधापासून बरीच आत घेऊन नव्यानं नोंदवली. "आता संध्याकाळी फवारू. वारा पडू दे, माश्या पेटीत परतू देत."

काकासाहेब कुरकुरत घरी गेले. तो तरुण मात्र बांधावर बसला. नाव ऋतुराज. शेंद्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यानं मधमाश्या पाळल्या होत्या. माश्या गेल्या तर बी धरणार नाही, आणि त्याला पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहावं लागेल. हे त्यानं हसत हसत सांगितलं, पण त्या हसण्यात भीती होती. तनुजाला ती दिसली.

"मॅडम, एक इचारू? हे पंखे फिरून फिरून गरगरत कसं नाय खाली पडत?"

"शेजारशेजारचे उलट्या दिशांनी फिरतात. म्हणून तोल राहतो."

"म्हंजी शेजाऱ्यांचं हवेतबी जमत नाय!"

"जमतं की..." ती हसू दाबत म्हणाली. "उलटं फिरूनच जमतं."

त्यानं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. तिनं उगीचच बॅटरी तपासली.

मग ते नेहमीचंच झालं. गावात कुणाचीही फवारणी असो, तनुजा दुपारीच येऊन बसायची. संध्याकाळी काम होतं हे ठाऊक असून दुपारी येणाऱ्या मुलीला काय म्हणावं, ते तुम्हीच ठरवा! वाऱ्यावरून दोघांची पैज लागायची. ती यंत्रानं मोजायची, तो चिमूटभर माती सोडून सांगायचा, "आजून नाय पडला." वारा लवकर पडला की दोघांनाही वाईट वाटायचं.

आणि एका दुपारी काकासाहेबांनी घाई केली. कांद्यावर फुलकिडे वाढले होते, आभाळ भरून यायला लागलं होतं.

"आत्ताच मारा फवारा. ऋतुराज सोयगावला गेलाय. कोण बघतंय?"

"दुपारी नाही, काकासाहेब. माश्या बाहेर आहेत."

"मग ह्या गावात पुन्हा पाऊल ठेवायचं नाय! कुणीबी काम देणार नाय, सांगून ठेवतो."

तिची निम्मीअधिक कामं याच गावची. तरी तनुजानं ड्रोनची पाती दुमडली. घाट उतरताना मात्र तिला रडू आवरेना. काम गेलं म्हणून, आणि ऋतुराजला भेटायला आता काही निमित्तच उरलं नाही म्हणून. त्याला फोन करावा, तर उपकार सांगितल्यासारखं व्हायचं. तिनं केला नाही.

आठवडा सरला. दौलताबादच्या वाटेवरच्या मैदानात दोरी बांधून ती शिकायला आलेल्या नव्या मुलींना ड्रोन उडवून दाखवत होती. मागून ओळखीचा आवाज आला.

"तनुजा..."

पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली होती. ती वळणार होती, पण ड्रोन उंच हवेत होता. उडता ड्रोन नजरेआड करायचा नसतो.

"दोरीच्या बाहेर थांबा," ती कशीबशी म्हणाली. "मला मान वळवता येत नाही."

"नका वळवू. तुम्ही बघितलं की मला बोलायला सुचत नाय." तो दोरीबाहेरच उभा राहिला. "काकासाहेब गावभर शिव्या देतायत तुम्हाला. दुसरा ड्रोनवाला मिळाला नाय, मग संध्याकाळी पाठीवर पंप घेऊन स्वतःच फवारलं त्यांनी. माझ्या माश्या हायेत... पण तुमचं गाव गेलं. माझ्यापायी."

"तुमच्यापायी नाही. मला तेच बरोबर वाटलं."

"व्हय, म्हणूनच आलो. तुम्हाला यायला आता कामाचं निमित्त नाय. मलाबी नाय. बिननिमित्ताचा आलोय. मला तुम्ही लई आवडता, तनुजा... माझ्याशी लग्न कराल?"

ड्रोन आभाळात तसाच स्थिर होता. मुली एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. तनुजानं घाई केली नाही. ड्रोन हळूहळू खाली आणला, पाती पूर्ण थांबू दिली, बॅटरी काढली. मग ती वळली, दोरी ओलांडून थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हो," ती म्हणाली. "आता बोला... काय सुचत नाही ते."