रोज उगवणारा डाग

डाग पुन्हा आला होता. घरातल्या पुसोबा या यंत्रमानवाने (माणसाची कामे करणाऱ्या यंत्राने) लागोपाठ तिसऱ्या संध्याकाळी गालिचा धुतला होता. तरी सकाळी कोकम सरबताचा तोच लाल डाग त्याच जागी ऐटीत बसलेला.

"मृदुला, रोज इथंच बसून सरबत पितेस ना?" बाबांनी विचारले.

"एकदाच सांडलं, बाबा. तेव्हा लगेच सांगितलं होतं मी."

बाबांचा विश्वास बसला नाही, आणि ते मृदुलाला फार लागले. मग तिने संशय पुसोबावर ढकलला. घरात दुसरे होते कोण?

"हाच मुद्दाम सांडतो. परत पाठवा त्याला कंपनीकडे."

पुसोबाने दिवे मिचकावले. संशय आला की तेही लबाडीचेच वाटते. बाबांनी त्याला खोक्यात बसवलेसुद्धा.

दुपारी वसुधाआत्या आली. ती कापडांच्या प्रयोगशाळेत काम करते. तिने गालिचा उलटून पाहिला. खालचा तागाचा थर लालभडक होता.

"सरबत तळाशी मुरलंय. पुसोबा वरून भरपूर पाणी ओततो, त्यामुळे रंग आणखी खाली जातो. वरचे धागे वाळायला लागले, की त्यांच्यामधल्या बारीक फटींतून खालचं पाणी वर चढतं. वातीत तेल चढतं ना, तसं. याला केशाकर्षण (अरुंद जागेतून द्रव आपोआप वर चढणे) म्हणतात. पाणी उडून जातं, रंग टोकांवर उरतो."

"म्हणजे डाग आपणहून वर येतो? मला नाही पटत," बाबा म्हणाले.

"मग करून बघू."

आत्याने डागावर थोडेसेच पाणी शिंपडले. घासले अजिबात नाही. वर कोरडा जाड टॉवेल आणि त्यावर शब्दकोशांची थप्पी ठेवली. "आता रंग वर चढून टॉवेलात जाईल," ती म्हणाली. बाबांनी खोलीला कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

सकाळी टॉवेल लाल होता आणि गालिचा स्वच्छ.

"चुकलो मी, मृदुला. तू खरं सांगत होतीस," बाबा म्हणाले.

मृदुलाचे डोळे भरून आले. मग ती खोक्यापाशी गेली.

"पुसोबा, मी रोज इथं सरबत पीत नव्हते, हे तुला माहीत होतं?"

"हो. माझ्या कॅमेऱ्यात दिसतं सगळं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलंच नाही."

मृदुलाने त्याला बाहेर काढले, शेजारी बसवले आणि विचारले, "चंद्राची ओढ कमी असते ना, मग तिथं पाणी याहून उंच चढेल का रे?"